नुसतं टॅलेंट का पुरत नाही? बास्केटबॉल बघताना एका डॉक्टरला काय दिसतं

"डॉक्टर, मुलीत टॅलेंट आहे हो, पण मेहनत नको." "पोराची उंची बघा, खेळ अंगातच आहे, पण मनावर घेत नाही." अशी वाक्यं माझ्या ओपीडीत आठवड्यातून एकदा तरी कानावर पडतात. ताप-खोकल्यासाठी आणलेलं मूल मान खाली घालून बसलेलं असतं आणि आईवडील आजारापेक्षा त्याच्या आळसाबद्दलच जास्त बोलत असतात. आपला हिशोब सरळ असतो. टॅलेंट अधिक मेहनत म्हणजे यश. टॅलेंट असूनही यश आलं नाही, म्हणजे मेहनत कमी पडली.

हा हिशोब मला पटत नाही. का पटत नाही, हे सांगायला आज मी मधुमेह किंवा रक्तदाबाचं नाही, बास्केटबॉलचं उदाहरण घेणार आहे.

मेडिकल कॉलेजात असताना मी कॉलेजच्या संघातून खेळायचो. उंची बेताचीच, त्यामुळे बॉल पुढे न्यायचा आणि उंच मुलांच्या हातात द्यायचा, एवढंच माझं काम. पुढे खेळणं सुटलं, बघण्याची आवड मात्र राहिली. एनबीए ही अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉलची स्पर्धा, जगातली सगळ्यात मोठी. तिकडे रात्र असते तेव्हा आपल्याकडे पहाट, त्यामुळे माझा पहिला चहा बहुतेक वेळा एखाद्या सामन्यासोबतच होतो. माझी बायको म्हणते, "तुम्ही स्कोअर बघत नाही, गुडघे बघता." खरं आहे ते. कोण लंगडतोय, कोण पाठीला हात लावतोय, कोणाला दम लागलाय, याकडेच माझं आधी लक्ष जातं. इतकी वर्षं हे बघून एक गोष्ट मला पक्की कळली आहे. टॅलेंट माणसाला दारापर्यंत आणतं, पण आत टिकवण्याचं काम वेगळ्याच गोष्टी करतात आणि त्यातल्या बऱ्याचशा शरीराच्या असतात.

दार किती अरुंद आहे?

एनबीएमध्ये ३० संघ आहेत. प्रत्येक संघात नियमित करारावर जास्तीत जास्त १५ खेळाडू. म्हणजे सगळ्या मिळून ४५० जागा. दरवर्षी जूनच्या सुमारास 'ड्राफ्ट' होतो. त्यात संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. दोन फेऱ्या आणि साधारण साठ नावं. ही नावं फक्त अमेरिकेतली नसतात, सर्बिया, ग्रीस, फ्रान्स, कॅनडा, आफ्रिका अशी जगभरातून येतात.

आता विचार करा, त्या साठांतला प्रत्येक जण आपल्या शाळेतला, गावातला, कधी कधी अख्ख्या देशातला सगळ्यात चांगला खेळाडू असतो. टॅलेंट सगळ्यांकडेच असतं. आणि जे सगळ्यांकडे असतं, त्याने कोणाचाच निकाल लागत नाही.

हे मी स्वतः अनुभवलं आहे. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला वर्गात बसलो, तेव्हा आजूबाजूचा प्रत्येक जण बारावीला आपापल्या कॉलेजात पहिला आलेला होता. पहिल्या परीक्षेत त्यातले निम्मे मागे गेले. त्यांची हुशारी रातोरात आटली होती असं नाही. कोणी घरापासून लांब आल्याने खचला होता, कोणी मेसचं जेवण सोसत नव्हतं म्हणून सारखा आजारी, कोणी रात्र-रात्र जागून सकाळी लेक्चरला झोपत होता. जे पुढे गेले ते सगळ्यात हुशार होतेच असं नाही. ते वेळेवर जेवणारे, झोपणारे आणि अडलं की विचारणारे होते.

एनबीएच्या तीन ड्राफ्टच्या गोष्टी सांगतो. तिन्ही गोष्टींमधून आपल्या घरातल्या मुलांसाठी शिकण्यासारखं आहे.

२००७ : गुडघ्यातली गादी

२००७ साली पहिला नंबर ग्रेग ओडेनचा लागला. सात फूट उंची, धिप्पाड शरीर. पोर्टलँडच्या संघाने त्याला घेतलं. दुसरा नंबर केव्हिन ड्युरँटचा. हा इतका काटकुळा की ड्राफ्टच्या आधीच्या शारीरिक चाचणीत त्याला ८४ किलोंचा बार छातीवरून एकदाही वर ढकलता आला नव्हता. शरीर बघून निवड करायची असती, तर कोणीही ओडेनलाच घेतलं असतं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये, एकही सामना खेळण्याआधी, ओडेनच्या उजव्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि पहिला पूर्ण हंगाम गेला. पुढच्या हंगामात पहिल्याच सामन्यात पायाला दुखापत झाली. डिसेंबर २००९ मध्ये डाव्या गुडघ्याची वाटी फुटली. त्यानंतरही गुडघ्यांवर शस्त्रक्रिया झाल्या. पोर्टलँडसाठी तो एकूण ८२ सामने खेळू शकला. एनबीएच्या एकाच हंगामात प्रत्येक संघ ८२ सामने खेळतो. म्हणजे इतक्या वर्षांत मिळून त्याचा जेमतेम एक हंगाम झाला.

यातलं वैद्यकीय कारण समजून घेऊ. गुडघ्यात दोन हाडांच्या टोकांवर गुळगुळीत, पांढरं आवरण असतं. त्याला कूर्चा म्हणतात. आपण बोलताना 'गादी' म्हणतो. उडी मारून खाली येताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार पडतो आणि तो ही गादी झेलते. पण या गादीला रक्तपुरवठा नसतो. कातडी कापली तर आठवड्यात भरते, हाड मोडलं तर दीड-दोन महिन्यांत जुळतं. कूर्चा झिजली की ती पूर्वीसारखी भरून येत नाही. ओडेनवर झालेल्या शस्त्रक्रियेत हाडाला बारीक छिद्रं पाडतात. त्यातून आलेल्या रक्तामधून नवी गादी तयार होते, पण ती मूळच्या गादीइतकी टिकाऊ नसते. सव्वाशे किलोंच्या आसपास वजनाच्या माणसाने रोज उड्या मारायच्या असतील तर ती किती पुरणार?

ओडेनने मेहनत केली नाही असं कोण म्हणेल? पुन्हा पुन्हा शस्त्रक्रिया आणि पुन्हा पुन्हा चालायला शिकण्यापासून सुरुवात, हे ज्याने केलं त्याला आळशी म्हणता येत नाही. पुढे तो आपल्या ओहायो स्टेट विद्यापीठात परत गेला आणि २०१९ साली त्याने पदवी पूर्ण केली. मला त्याचं हे यशही लहान वाटत नाही.

आणि ड्युरँट? तो दोनदा विजेत्या संघात होता, २०१४ साली सर्वोत्तम खेळाडू ठरला. २०१९ च्या अंतिम मालिकेत त्याच्या टाचेमागचा मोठा स्नायुबंध तुटला. पूर्ण पुढचा हंगाम तो मैदानाबाहेर राहिला, डिसेंबर २०२० मध्ये परतला आणि आजवर तीस हजारांहून जास्त गुण त्याच्या नावावर आहेत. स्नायुबंध वेळ दिला की जुळू शकतो, कूर्चेचं तसं नाही. कोणती दुखापत वाट्याला यावी हे दोघांच्याही हातात नव्हतं. यशात नशिबाचा वाटा असतो, हे डॉक्टर म्हणून मी मान्य करतो. पण मिळालेल्या वेळात काय करायचं, हे मात्र बऱ्याच अंशी आपल्या हातात असतं.

त्याचं उत्तम उदाहरण म्हणजे स्टीफन करी. आज लोक त्याला खेळाच्या इतिहासातला सगळ्यात चांगला नेमबाज मानतात. पण २०११ आणि २०१२ अशी सलग दोन वर्षं त्याच्या उजव्या घोट्यावर शस्त्रक्रिया झाली होती. २०११-१२ च्या हंगामात तो फक्त २६ सामने खेळला. याचे घोटे कधी बरे होणारच नाहीत, असं तेव्हा उघड बोललं जायचं. त्याच्या प्रशिक्षकांनी नुसत्या घोट्याकडे न बघता वर बघितलं. वळताना, थांबताना सगळा भार घोट्यावर येत होता. मग नितंब, मांड्या आणि पोटाचे स्नायू मजबूत करून तो भार तिकडे वाटून दिला. त्यानंतर चार विजेतेपदं, आणि २०१५ व २०१६ असा सलग दोनदा सर्वोत्तम खेळाडूचा मान. माझ्याकडे गुडघेदुखीचे पेशंट "फक्त गुडघ्याचं औषध द्या" म्हणतात, तेव्हा मी त्यांना मांडीचे व्यायाम का सांगतो, ते यावरून लक्षात यावं.

२०१३ : न दिसणारी झोप

२०१३ च्या ड्राफ्टमध्ये पहिला नंबर अँथनी बेनेटचा आला. पहिल्या नंबरावर निवडला गेलेला तो पहिला कॅनेडियन. पहिल्या हंगामात त्याची सरासरी होती सामन्याला ४.२ गुण. चार हंगामांत चार संघ, मिळून १५१ सामने, आणि एनबीएचं दार बंद झालं. आजही 'सगळ्यात फसलेली निवड' म्हटलं की लोक त्याचं नाव घेतात.

पण त्याची वैद्यकीय बाजू फार थोड्यांना माहीत असते. ड्राफ्टच्या आधीच त्याच्या खांद्यावर शस्त्रक्रिया झाली होती, त्यामुळे उन्हाळ्यातला सराव बुडाला आणि वजन वाढलं. त्याला दमा होता. आणि त्याला स्लीप ॲप्निया, म्हणजे झोपेत पुन्हा पुन्हा श्वास अडकण्याचा आजार होता. पहिल्या हंगामानंतर त्याचे टॉन्सिल्स आणि ॲडेनॉइड काढावे लागले. तो केवळ यामुळेच मागे पडला असं मी म्हणणार नाही. पण वीस वर्षांच्या मुलाला रात्रभर नीट श्वास मिळत नसेल आणि दिवसा जगातल्या सगळ्यात वेगवान खेळाडूंच्या मागे धावायचं असेल, तर काय होईल याची कल्पना करा.

स्लीप ॲप्नियामध्ये घशाचा मार्ग झोपेत दबतो, ऑक्सिजन कमी होतो, मेंदू दचकून जागा होतो आणि पुन्हा झोपतो. असं रात्रीत कितीतरी वेळा. माणसाला सकाळी आठवतही नाही. तो म्हणतो, "आठ तास झोपलो, तरी अंग जड." बाहेरच्यांना तो आळशी दिसतो.

झोपेचा आणि खेळाचा संबंध किती थेट आहे, याचा एक छोटा अभ्यास अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात झाला. २०११ साली तो प्रसिद्ध झाला. कॉलेजच्या ११ बास्केटबॉलपटूंना काही आठवडे रात्री किमान दहा तास अंथरुणात घालवायला सांगितलं. सरावात दुसरा बदल नाही. त्यांच्या धावण्याची वेळ १६.२ सेकंदांवरून १५.५ सेकंदांवर आली आणि नेम सुमारे नऊ टक्क्यांनी सुधारला. अभ्यास लहान होता, तुलनेसाठी दुसरा गट नव्हता, हे लक्षात ठेवायला हवं. तरीही माझ्या ओपीडीतल्या अनुभवाशी तो जुळतो.

आणि त्याच २०१३ च्या ड्राफ्टमध्ये पंधराव्या नंबरावर एक सडपातळ मुलगा निवडला गेला. नायजेरियातून ग्रीसमध्ये आलेल्या आईवडिलांचा, अथेन्सच्या रस्त्यावर वस्तू विकून घराला हातभार लावणारा. त्याचं नाव यानिस अँटेटोकुंपो. त्याच्या संघाने घाई केली नाही. शरीर भरायला, खेळ शिकायला वर्षं दिली. २०१९ आणि २०२० मध्ये तो सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि २०२१ मध्ये त्याने आपल्या संघाला विजेतेपद मिळवून दिलं. त्या मुलाच्या अंगात काय आहे, हे आधीच्या चौदा निवडींमध्ये कोणाच्याच डोळ्यांना दिसलं नव्हतं.

माझ्याकडची एक 'आळशी' मुलगी

आता माझ्या दवाखान्यातली गोष्ट. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. दहावीतली एक मुलगी, शाळेच्या बास्केटबॉल संघातली, जिल्ह्यापर्यंत खेळलेली. वडील तिला घेऊन आले ते पोटऱ्यांच्या दुखण्यासाठी. बोलता बोलता म्हणाले, "सर म्हणतात, हिचं लक्ष उडालंय. सामन्याच्या शेवटी धावतच नाही. आता दहावी आहे, म्हटलं खेळ बंदच करू." मुलगी काहीच बोलली नाही.

तिचा खालचा पापणीचा भाग ओढून बघितला, पांढुरका. नखं फिकट. जिना चढताना धाप लागते का? "हो, पण सगळ्यांनाच लागते ना?" बर्फ किंवा खडू खावासा वाटतो का? ती वडिलांकडे बघून हसली. मग वडिलांना बाहेर बसायला सांगितलं आणि पाळीबद्दल विचारलं. सात-आठ दिवस, खूप रक्तस्राव, गेलं वर्षभर. घरी कोणाला सांगितलं नव्हतं. रात्री साडेअकराला अभ्यास संपायचा, पहाटे पाचला क्लास.

रक्त तपासलं. हिमोग्लोबिन ८.४. या वयात ते १२ च्या वर हवं. फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, जवळपास संपलेला.

हिमोग्लोबिन रक्तातून ऑक्सिजन वाहून नेतं. ते इतकं कमी असताना सामन्याच्या शेवटच्या दहा मिनिटांत पाय उचलले जाणारच नाहीत. ती खेळत होती हेच आश्चर्य. टॅलेंटही होतं, मेहनतही होती, रक्त नव्हतं.

लोहाच्या गोळ्या सुरू केल्या. चहा-कॉफीबरोबर घ्यायच्या नाहीत, कारण त्याने लोह नीट शोषलं जात नाही. लिंबू-आवळ्याबरोबर घेतल्या तर उत्तम. पाळीच्या त्रासासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे पाठवलं. पोटऱ्यांना महिनाभर उड्यांपासून सुट्टी. पहाटेचा क्लास संध्याकाळचा करून घेतला. तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन १२.१ झालं. साठा भरायला गोळ्या पुढेही काही महिने चालू ठेवाव्या लागतात, मध्येच सोडायच्या नाहीत, हेही सांगितलं.

ती पुढे राज्याच्या संघात गेली का? नाही. निवड चाचणीत तिच्यापेक्षा चांगल्या मुली होत्या. पण ती खेळते आहे आणि घरात तिला कोणी आळशी म्हणत नाही. माझ्या दृष्टीने त्या तपासणीची किंमत वसूल झाली.

२०१४ : हृदय, पाऊल आणि कोला

२०१४ च्या ड्राफ्टमध्ये तीन वेगळ्या नशिबांची मुलं होती.

पहिला आयझेया ऑस्टिन. सात फूट एक इंच उंच. ड्राफ्ट काही दिवसांवर आलेला असताना वैद्यकीय तपासणीत त्याला मार्फन सिंड्रोम असल्याचं कळलं. हा जनुकीय आजार आहे. यात शरीराला बांधून ठेवणाऱ्या ऊती सैल असतात. माणूस उंच, हातपाय-बोटं लांबसडक, डोळ्यांतलं भिंग सरकलेलं, असं असू शकतं. खरा धोका महाधमनीला असतो. हृदयातून निघणारी ही मुख्य रक्तवाहिनी रुंद होत जाते आणि जोराच्या श्रमात फाटू शकते. त्याला थांबवलं गेलं. ड्राफ्टच्या रात्री एनबीएच्या प्रमुखांनी त्याचं नाव मानाने पुकारलं, सगळे उभे राहिले. पुढे काही वर्षांनी डॉक्टरांच्या परवानगीने तो दुसऱ्या देशांतल्या स्पर्धांमध्ये खेळला. एनबीए हुकली, पण आयुष्य सुरक्षित राहिलं. तपासणीने त्याचं स्वप्न मोडलं असं लोक म्हणतात. मला उलट वाटतं.

दुसरा जोएल एम्बीड. तिसऱ्या नंबरावर निवड, पण पावलातलं एक हाड मोडलेलं. त्या हाडाला रक्तपुरवठा कमी, त्यामुळे ते जुळायला वेळ लागतो. संघाने सलग दोन पूर्ण हंगाम त्याला खेळवलं नाही. २०२३ साली तो एनबीएचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. आपल्याकडे पंधरा दिवसांचं प्लास्टर काढताना पालक विचारतात, "शनिवारी मॅच आहे, खेळू दे का?"

तिसरा सर्बियाचा निकोला योकिच. एकेचाळिसाव्या नंबरावर निवडला गेला. थोराड, मंद वाटणारा मुलगा. तरुणपणी तो दिवसाला तीनेक लिटर कोला प्यायचा, हे त्यानेच सांगितलं आहे. तेवढ्या कोलात तीनशे ग्रॅमहून जास्त साखर असते. अमेरिकेला जाताना त्याने ती सोडली, हळूहळू शरीर कमावलं आणि २०२१, २०२२ व २०२४ असा तीनदा सर्वोत्तम खेळाडू झाला. त्याच्या हातातलं कसब आधीही तेच होतं. ते शेवटच्या मिनिटापर्यंत वापरता यावं, असं शरीर नंतर तयार झालं.

मन दमलं तर?

नोव्हेंबर २०१७ मध्ये क्लीव्हलँडचा केव्हिन लव्ह भर सामन्यात मैदान सोडून आत निघून गेला. छाती धडधडत होती, श्वास घेता येत नव्हता, आता आपण मरतो असं वाटत होतं. दवाखान्यातल्या तपासण्या ठीक आल्या. तो पॅनिक अटॅक होता. तो विजेत्या संघातला, नावाजलेला खेळाडू होता. चार महिन्यांनी त्याने स्वतः हे लिहून जाहीर केलं. त्याच सुमारास डेमार डिरोझननेही आपल्या नैराश्याबद्दल सांगितलं. पुढे एनबीएने प्रत्येक संघासाठी मानसिक आरोग्य तज्ज्ञ असणं सक्तीचं केलं.

परीक्षेच्या किंवा निवड चाचणीच्या आधी छातीत धडधडतंय म्हणून येणारी मुलं मी दर वर्षी बघतो. आधी हृदय तपासायचं, ईसीजी काढायचा. ते नीट असेल तर "काही नाही, मनाचे खेळ आहेत" म्हणून घरी पाठवायचं नाही. मनाचा आजारही आजारच असतो आणि त्यावर चांगले उपचार आहेत.

आपल्याकडची एक आठवण

२०१५ साली पंजाबातल्या बल्लो के गावचा सतनाम सिंग बावन्नाव्या नंबरावर निवडला गेला. एनबीएच्या ड्राफ्टमध्ये निवडला गेलेला तो भारतात जन्मलेला पहिला खेळाडू. सात फूट दोन इंच उंची. आपल्याला किती आनंद झाला होता! पण एनबीएचा एकही सामना त्याच्या वाट्याला आला नाही. वयाच्या चौदाव्या वर्षापर्यंत अमेरिकेतल्या मुलांना जेवढे सामने, जेवढे प्रशिक्षक, आहार आणि फिजिओ मिळतात, तेवढे आपल्या खेड्यातल्या मुलाला कुठून मिळणार? २०२० मध्ये डोप चाचणीच्या प्रकरणात त्याच्यावर दोन वर्षांची बंदीही आली. आता तो व्यावसायिक कुस्ती करतो.

यावरून एक सांगतो. जिममध्ये मिळणारी पावडर, 'ताकदीचे' डबे, दम्याची किंवा सर्दीची औषधंसुद्धा खेळणाऱ्या मुलाला डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. डब्यावर जे लिहिलेलं नसतं, तेही आत असू शकतं.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मुंबईत वरळीला एनबीएच्या दोन संघांचे दोन सामने झाले. मी दुसऱ्या दिवशी गेलो होतो, मुद्दाम लवकर. सामन्याआधी खेळाडू ताणाचे व्यायाम करत होते, घोट्यांना पट्ट्या बांधलेल्या, एकेकाबरोबर एकेक माणूस. आपली मुलं रिक्षातून उतरतात आणि थेट बास्केटखाली उड्या मारायला लागतात. टॅलेंटमधल्या फरकापेक्षा हा फरक मला जास्त जाणवला.

पालकांनी काय करावं?

एनबीए आणि अमेरिकेच्या बास्केटबॉल संघटनेने मुलांसाठी काही सूचना केल्या आहेत. चौदा वर्षांपर्यंत एकाच खेळाला जुंपू नका. आठवड्यातून किमान एक दिवस पूर्ण सुट्टी. नववी ते बारावीच्या मुलांना आठ ते दहा तास झोप. त्यात माझ्याकडून थोडी भर घालतो.

- खेळताना चक्कर येणं, शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, किंवा घरात कोणाचा पन्नाशीच्या आत अचानक मृत्यू झालेला असणं, यांपैकी काहीही असेल तर आधी ईसीजी आणि टू-डी इको, मग खेळ.
- मूल खूप उंच असेल, हातांचा पसारा उंचीपेक्षा बराच जास्त असेल, पाठीला बाक आणि चष्म्याचा नंबर मोठा असेल, तर मार्फनच्या दृष्टीने एकदा तपासून घ्या. प्रत्येक उंच मुलाला हा आजार नसतो, घाबरू नका.
- मोठ्याने घोरणं, झोपेत श्वास थांबणं, दिवसा पेंग येणं याला आळस समजू नका.
- खेळणाऱ्या मुलींचं हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तपासा आणि पाळीबद्दल मोकळेपणाने विचारा.
- एकाच जागी दोन आठवड्यांहून जास्त दुखत असेल, रात्री दुखत असेल किंवा मूल लंगडत असेल, तर मलम चोळत बसू नका.
- फिटनेस सर्टिफिकेटवर नुसती सही मागू नका. त्या निमित्ताने मुलाची नीट तपासणी करून घ्या.

हे सगळं केलं तरी तुमचं मूल एनबीएत जाईल असं नाही. बहुतेक मुलं जिल्ह्याच्याही पुढे जाणार नाहीत, आणि त्यात काही वाईट नाही. पण दुखणं अंगावर काढून, उपाशी-अर्धपोटी झोपेत, रक्त कमी असताना धावून जे मूल मागे पडतं, त्याला स्वतःची खरी उंची कधी कळतच नाही. ते आयुष्यभर स्वतःला कमी समजत राहतं. मला काळजी वाटते ती त्याची.

शाळा जूनमध्ये सुरू होतात, जिल्हा स्पर्धा पावसाळ्यातच सुरू होतात. सराव वाढण्याआधी एकदा मुलांना जवळच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे. आणि तपासणीच्या वेळी उत्तरं तुम्ही देऊ नका. मुलांना बोलू द्या.